माझ्या विनोदी कादंबरीची पोथी झाली

आमच्या घरात मराठी सगळे बोलतात, वाचत कोणी नाही. हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो म्हणतो, म्हणजे काय? म्हणजे हेच. आमची माणसं बंगळुरात येऊन इतकी शतकं लोटली की कोणाच्या फौजेबरोबर आलो की कापडाचं गाठोडं घेऊन आलो, यावर अजून वाद आहे. शाळा सगळ्यांच्या कन्नड. अण्णा, म्हणजे माझे वडील, कन्नड पेपर पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचतात, पण देवनागरी पुढ्यात आली की चष्मा पुसायला लागतात. मला वाचता येतं ते शाळेत हिंदी होतं म्हणून, आणि समाजाच्या हॉलमध्ये एका कपाटात कोणीतरी देऊन टाकलेली मराठी पुस्तकं होती म्हणून. ती सगळी मी पुन्हा पुन्हा वाचली आणि वाचता वाचता लिहायची खोड लागली.

पोटापाण्यासाठी मी राजाजीनगरातल्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते. पोरं मला घाबरतात आणि ते मला आवडतं. अशा बाईनं पन्नाशी उलटल्यावर विनोदी कादंबरी लिहिली, याचंच आधी लोकांना हसू यायचं. कादंबरीतला म्हातारा ऐंशीचा. सुनेनं कोथिंबीर आणायला धाडलेला असतो. तो चुकून लग्नाच्या बसमध्ये चढतो आणि नवरीचा मामा म्हणून तीन जेवणं जेवतो. पुढे कोंबड्यांच्या लॉरीत बसून किनाऱ्याला जातो, म्हशींच्या शर्यतीत शेपटी धरून चिखलात लोळतो, जत्रेत घोडा विकत घेतो आणि त्या घोड्यावर बसून घरी येतो. कोथिंबीर विसरतो. बस, एवढंच. स्वयंपाकघरात लिहायला बसायचे तेव्हा मी एकटीच हसत असायचे, आणि भाऊ जिन्यावरून ओरडून विचारायचा, अक्का, बरी आहेस ना?

हा म्हातारा अण्णांवर बेतलेला नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. अण्णा उभ्या आयुष्यात कुठं गेले नाहीत. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी कॉलेजात होते, आणि ती गेली तेव्हा माझे केस पिकायला लागले होते. मधली सगळी वर्षं अण्णा आणि ती आतली खोली. नोकरी घराजवळच्या कारखान्यात होती, जेवणाच्या सुट्टीत येऊन ते तिची कूस बदलून जायचे. आम्ही म्हणायचो, अण्णा, चार दिवस कुठंतरी जाऊन या, आम्ही आहोत. ते म्हणायचे, सरी, म्हणजे बरं, बघू. कधी गेले नाहीत. त्यांची सगळी ऐष म्हणजे रोज सकाळची कॉफी. दोन चौक ओलांडून एक छोटं हॉटेल आहे, तिथं त्यांचा कारखान्यातला एक कन्नड दोस्त यायचा. दोघं मिळून बाय-टू घ्यायचे, म्हणजे एक कॉफी दोन पेल्यांत. आई असताना ती चुकली नाही आणि ती गेल्यावरही नाही. एकटे जायचे, एकटे यायचे.

तर पुस्तक निघालं. प्रकाशक महाराष्ट्रातला, भला माणूस, पण फोनवर माझं मराठी ऐकून दर वेळी म्हणायचा, तुमचं बोलणं किती गोड आहे हो. गोड म्हणजे चुकीचं, हे कळण्याइतकी अक्कल मला आहे. पुण्याच्या एका मासिकात परीक्षण आलं, त्यातही तेच. विनोद निर्विष आहे, भाषेला दाक्षिणात्य हेल आहे. हेल काय कागदावर ऐकू येतो?

कोरमंगलाच्या एका कॅफेत तिकडून नोकरीला आलेल्या मराठी मुलामुलींनी मला बोलावलं. प्रेमानं बोलावलं, उगाच नावं ठेवणार नाही. पण एक म्हणाली, आजोबा कसले क्यूट आहेत ना. दुसरा म्हणाला, मॅम, फन आहे, पण आजोबांचा ग्राफच नाहीये, एंडला ते चेंज होत नाहीत. मी म्हटलं, ऐंशीव्या वर्षी काय चेंज होणार बाबा, कपडे? तिसरी एक गंभीर चेहऱ्याची होती. ती म्हणाली, म्हाताऱ्या माणसाला चिखलात पाडून हसणं तिला प्रॉब्लेमॅटिक वाटलं. आणि कोपऱ्यातली एक मुलगी वाचून रडली होती. का रडलीस विचारलं तर म्हणाली, माहीत नाही, आमचे आजोबा सांगलीत एकटेच असतात. मी तिला माझ्यासमोरचा केक दिला.

सीमाभागातल्या एका इंजिनिअरचा फोन आला. दोन्ही भाषा येणारा, दोन्हींत भांडणारा. म्हणाला, बाई, होसकोट्याहून निघालेली लॉरी किनाऱ्याला जायची तर कोलारकडे कशाला वळेल? किनारा पश्चिमेला, कोलार पूर्वेला. तुम्ही गणिताच्या ना? मी म्हटलं, ड्रायव्हर पोहोचलेला आहे असं समजा. तो म्हणाला, तसं लिहायचं होतं मग. बाकी पुस्तक आवडलं की नाही ते त्यानं सांगितलंच नाही.

हे सगळं मी गिळलं. खरी पंचाईत आमच्याच माणसांनी केली.

समाजाच्या हॉलमध्ये चातुर्मासात दर शनिवारी संध्याकाळी पोथी असते. वाचणारी एकच, पोथीपुरती देवनागरी शिकलेली माझी आत्या. ती पाटावर बसते, पुढ्यात लाकडी घोडी, घोडीवर पोथी, बाजूला समई. बाकीचे सतरंजीवर. आमच्यात बाकी कोणाला वाचता येत नसल्यामुळे पुस्तक ही ऐकायचीच गोष्ट, आणि ऐकायचे नियम ठरलेले. अध्याय चालू असताना उठायचं नाही, बोलायचं नाही, हसायचं तर नाहीच. एकदा उघडलेलं पुस्तक अर्ध्यावर सोडायचं नाही. अध्याय संपला की हात जोडायचे आणि कोसंबरी-पानक, म्हणजे डाळीची कोशिंबीर आणि गुळाचं पन्हं, घेऊन घरी जायचं. त्या वर्षी पोथी लवकर आटोपली, तेव्हा समाजाचे अध्यक्ष म्हणाले, आपल्या मुलीनं पुस्तक लिहिलंय, ते समाजानं ऐकायला नको? मी नको म्हणेपर्यंत आत्यानं होकार देऊन टाकला.

पहिल्या शनिवारी मी हॉलमध्ये शिरले आणि दारातच थबकले. घोडीवर माझी कादंबरी. मुखपृष्ठावर मंकी कॅप घातलेला म्हातारा घोड्यावर उलटा बसलेला आहे, त्याच्या कपाळाला कोणीतरी हळदकुंकू लावलेलं. घोड्यालाही. मला वाटलं, आता सगळे हसतील. कोणी हसलं नाही. आत्यानं समईला नमस्कार केला आणि सुरू केलं. तिला एकच सूर येतो. ओळीच्या शेवटी आवाज लांबवायचा, महत्त्वाचं वाक्य दोनदा म्हणायचं. त्या सुरात ती म्हणाली, आणि मग म्हाताऱ्यानं तिसऱ्यांदा जिलबी मागितलीऽऽ. पुन्हा म्हणाली, तिसऱ्यांदा जिलबी मागितलीऽऽ. समोरच्या सतरंजीवर बायका हात जोडून बसल्या होत्या. एकीनं हळूच मान हलवली, पोथीतल्या राजावर संकट आलं की हलवतात तशी.

मी खाली मान घालून बसले. आत्याला थांबवावं म्हटलं तर मधे बोलायचं नाही. बाहेर जावं तर उठायचं नाही. पुढच्या शनिवारी ती म्हशींच्या शेपटीपाशी आली तेव्हा एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. खोटं सांगत नाही, डोळे पुसले.

अण्णा सगळ्यात पुढे, खुर्चीवर. लेखिकेचे वडील म्हणून मान. डोक्याला त्यांची ती मंकी कॅप. आता थंडीचे दिवस, बंगळुरातल्या कुठल्या म्हाताऱ्याच्या डोक्याला ती नसते? पण वाचन संपलं आणि अध्यक्ष त्यांच्यापाशी जाऊन वाकून म्हणाले, अण्णा, इतकं सगळं केलंत आणि कधी बोलला नाहीत? मी दोन पावलांवर उभी होते. मला वाटलं अण्णा म्हणतील, छे हो, पोरीनं काहीतरी लिहिलंय. अण्णांनी पानकाचा घोट घेतला. मग म्हणाले, असतं स्वल्प स्वल्प, सांगायचं काय त्यात.

घरी येताना मी विचारलं, अण्णा, असं काय बोललात? ते म्हणाले, मी काय बोललो? आणि खरंच की, ते काही बोलले नव्हते.

आमच्या माणसांचं मी समजू शकते. आत्यानं त्या सुरात आजवर जे जे वाचलं ते सगळं घडलेलं होतं. घोडीवर ठेवलेलं पुस्तक खोटं असतं हे त्यांना कोण सांगणार? मी सांगून पाहिलं. भाजीवालीला सांगितलं, औषधाच्या दुकानात सांगितलं, अध्यक्षांना दोनदा सांगितलं. सगळे मायेनं हसायचे. लेकीची जात, बापाचं झाकणारच. अध्यक्ष म्हणाले, अम्मा, चालू पुस्तकाच्या विरुद्ध मधेच बोलायची आपल्यात रीत नाही, समाप्तीला काय ते बोल.

तोवर गल्लीत अण्णांची कीर्ती झाली होती. सकाळी कॉफीला निघाले की लोक विचारायचे, अण्णा, आज कुठं? अण्णा काठी उचलून लांबची दिशा दाखवायचे. काय रुबाब. काही दिवस मलाही गंमत वाटली, नाही का म्हणू? कधी नव्हे तो माणूस ताठ चालत होता. पण काही लोक गंमत करणारे नव्हते, ते काळजी करणारे होते. अण्णा बस स्टॉपवर चपलेचा अंगठा नीट करायला थांबले की कोणीतरी त्यांचा दंड धरायचं. ऑटोवाल्यांनी तर ठरवूनच टाकलं होतं. अण्णा चौकात दिसले की बसवायचे आणि घरी आणून सोडायचे. भावाला ऑफिसात फोन यायचे, तुमचे वडील निघालेत, आम्ही धरून ठेवलंय. भाऊ संगणकाच्या कंपनीत आहे, मीटिंगमधून उठून बाहेर यायचा. घरी येऊन माझ्यापुढे उभा राहायचा आणि काहीच बोलायचा नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

एके दिवशी मात्र काळजी करणारा नव्हे, भक्त भेटला. स्कूटरवरचा एक दुकानदार. त्यानं विचारलं, अण्णा, आज कुठं? अण्णांनी पुस्तकातलंच नाव सांगितलं, होसकोटे. तो म्हणाला, चला, माझं भाग्य. त्यानं अण्णांना मॅजेस्टिकच्या मोठ्या बस स्टँडवर नेलं, होसकोट्याच्या बसमध्ये खिडकीशी बसवलं, तिकीट काढून हातात दिलं आणि पाया पडून निघून गेला. हे त्यानंच मग भावाला फोन करून अभिमानानं सांगितलं. अण्णा नको म्हणाले नाहीत. इतक्या लोकांसमोर कसं म्हणणार? शाळेत मला भावाचा फोन आला तेव्हा मी वर्ग तसाच टाकून निघाले. आम्ही दोघं दिवसभर शोधत होतो. दिवेलागणीच्या सुमारास अण्णा आपले आपणच आले. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले, पायजम्याला धूळ. माझ्या हातचं पाणी प्यायले आणि पुन्हा भांडं पुढे केलं. काय झालं, कुठं उतरलात, जेवलात का, कशालाच उत्तर नाही. आईच्या खोलीत जाऊन आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी भावानं फाटकाला कुलूप आणलं.

आमचं भांडण झालं. मी म्हटलं, तू त्यांना कैद करतोयस. तो म्हणाला, मग तू सांग काय करू. त्याचा आवाज फाटला होता. म्हणाला, अक्का, अण्णांना काहीच झालेलं नाही, झालंय ते लोकांना. समाप्तीला तू सगळ्यांसमोर उभी राहा आणि सांग, हे सगळं माझ्या डोक्यातलं आहे, आमचे अण्णा कधी कुठं गेले नाहीत. लोक थांबले की मी कुलूप काढतो. त्याच दिवशी काढतो, शप्पथ. यात चुकीचं काय होतं? काही नव्हतं. मी सरी म्हटलं.

कॉफी बंद झाली. मी म्हटलं, अण्णा, मी सोडते तुम्हाला हॉटेलपर्यंत. म्हणाले, मला पोहोचवायला माणूस? मी काय पार्सल आहे? भावानं विचारलं तरी तेच. सकाळी कपडे करून, कॅप घालून फाटकापाशी खुर्ची घेऊन बसायचे आणि ऊन चढलं की आत यायचे. त्यांच्या दोस्ताला ऐकू कमी येतं, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. शेवटी मीच हॉटेलात गेले. तो नेहमीच्या टेबलाशी एकटा बसला होता, पुढ्यात अख्खी कॉफी, अर्धी तशीच राहिलेली. मी ओरडून ओरडून सांगितलं की अण्णा बरे आहेत, थोडे दिवस येणार नाहीत. त्यानं मान हलवली. मग कन्नडमध्ये म्हणाला, लोक म्हणतात तो खूप हिंडला, घोडा घेतला. मी त्याला रोज सकाळी इथं बघत होतो, मग गेला कधी? मला वाटलं, देवा, एक तरी शहाणा निघाला. तो थोडा वेळ विचारात पडला आणि म्हणाला, संध्याकाळी जात असेल.

समाप्तीच्या दिवशी सकाळी मी अण्णांपुढे बसले आणि सगळं उलगडून सांगितलं. म्हटलं, आज मी बोलणार आहे. हे खोटं आहे असं सांगणार आहे. लोकांना थोडं वाईट वाटेल, तुम्हालाही वाटेल. पण उद्या सकाळी फाटक उघडं असेल आणि तुम्ही एकटे कॉफीला जाल. चालेल ना? अण्णांनी माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, सरी. मी पुन्हा विचारलं, खरंच चालेल? ते म्हणाले, एकदा सरी म्हटलं ना.

हॉल गच्च भरला होता. आत्यानं शेवटचा अध्याय वाचला. म्हातारा घोड्यावरून गल्लीत येतो आणि सून विचारते, कोथिंबीर? तो माझा सगळ्यात लाडका विनोद. आत्या म्हणाली, कोथिंबीऽऽर. कोथिंबीऽऽर. बायकांनी हात जोडले. पुस्तकावर फुलं वाहिली. अध्यक्षांनी अण्णांना शाल घातली, नारळ दिला, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, आता आमची मुलगी दोन शब्द बोलेल. मी उठले. मनात वाक्य घोकून ठेवलं होतं, पाठ करून आले होते. भाऊ मागे भिंतीशी उभा होता, त्यानं मला मान हलवून धीर दिला.

तेवढ्यात अण्णांनी खुर्चीतून हात पुढे केला. अध्यक्षांना वाटलं, त्यांना बोलायचंय. त्यांनी माइक आधी त्यांना दिला. माझा हात तसाच पुढे राहिला.

अण्णांनी माइक तोंडाच्या फार जवळ धरला. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाले, पुस्तकात एक चूक आहे. मी डोळे मिटले. वाटलं, तेच सांगतायत, बरं झालं, माझ्यावरचं टळलं. ते म्हणाले, मी घोड्यावर एकटा नव्हतो. ही सोबत होती. पोरीला माहीत नाही, म्हणून तिनं लिहिलं नाही.

अण्णा सांगत गेले. हिला घोड्यावर बसवायला जत्रेतली चार माणसं लागली. बसल्यावर म्हणाली, माझी पिशवी खाली राहिली. पिशवी दिली तर म्हणाली, चप्पल राहिली. वाटभर म्हणत होती, सावकाश, सावकाश, घोडा माझ्या ओळखीचा नाही. उसाच्या शेतातून जाताना घोडा थांबला तर ही त्याला म्हणाली, खा बाबा, यांनी तुला सकाळपासून काही दिलं नसेल, मला पण दिलेलं नाही. आईचा तो तक्रारीचा आवाज त्यांनी हुबेहूब काढला. इतकी वर्षं मी तो ऐकला नव्हता.

आणि हॉल हसला. पहिल्यांदा. आधी मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं, मग बायका पदर तोंडाला लावून, मग सगळेच. घोडीवरचं पुस्तक मिटलेलं होतं, त्यामुळे हसायला हरकत नव्हती. अध्यक्ष मांडीवर थाप मारून हसत होते. ज्या विनोदासाठी मी वर्षभर स्वयंपाकघरात बसले तो अण्णांनी बसल्या बसल्या करून दाखवला. आई अंथरुणावर होती हे त्या हॉलमधल्या जुन्या माणसांना माहीत होतं. तिला बघायला सगळे येऊन गेले होते. तरी हसत होते. आत्या मात्र हसत नव्हती, समईकडे तोंड फिरवून बसली होती.

अण्णांनी माइक माझ्यापुढे केला. चेहरा असा फुललेला मी त्यांचा कधी पाहिला नव्हता, भावाच्या लग्नातसुद्धा नाही. मी माइक घेतला. भावाकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून खाली बघत होता. मी काय म्हणायला हवं होतं ते मला पाठ होतं. आमचे अण्णा कधी कुठं गेले नाहीत. हे वाक्य आता म्हणजे आईला घोड्यावरून ओढून परत त्या खोलीत निजवायचं. मी म्हटलं, सगळ्यांचे आभार. आणि खाली बसले.

ऑटोत अण्णा मधे आणि आम्ही दोघं दोन बाजूंना. मग अण्णा मला म्हणाले, तुला बोलायचं होतं ना काही?

होतं.

मग?

तुम्ही बोललात की.

मांडीवरचा नारळ त्यांनी या हातातून त्या हातात घेतला. म्हणाले, मी म्हातारा माणूस. माइक हातात आला की सुटत नाही. तू थांबवायचंस मला.

मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की मी बाहेर बघत बसले. घरी आल्यावर भावानं फाटकाला कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकली नाही, माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाला, अक्का, मला आता काही कळत नाही. तूच बघ. आणि जिना चढून गेला.

सकाळी मी उठले तेव्हा अण्णा तयार होते. इस्त्रीचा शर्ट, कॅप, काठी. खुर्चीवर बसले नव्हते, फाटकापाशी उभे होते. मला पाहून म्हणाले, तू म्हणाली होतीस ना, उद्या उघडं असेल म्हणून. मी किल्ली घेऊन पायऱ्या उतरले. खरंच उतरले, उघडायलाच निघाले होते. लोक काय करायचे ते करोत, फोन आले तर येवोत, माणसाला कॉफी प्यायला जाऊ द्या, असं ठरवूनच निघाले होते. कुलपाला हात लावला.

अण्णा म्हणाले, थांब स्वल्प, ही येतेय.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते मिस्किल हसतायत का ते शोधत होते. कालची गोष्ट पुढे चालवतायत, मला चिडवतायत, असंच असणार, असं मनात म्हणत होते. ते घराच्या दाराकडे बघत होते. शांतपणे, उशीर होतोय म्हणून थोडे कंटाळून, बायकोची वाट बघणारा माणूस बघतो तसे. मी विचारलं, अण्णा, कोण येतंय? त्यांनी उत्तर दिलं नाही. माझ्या प्रश्नाला उत्तर द्यायची गरज त्यांना वाटली नसेल, किंवा थट्टा पूर्ण करायची असेल. मी त्यांची मुलगी, पन्नास वर्षं त्यांच्या घरात राहतेय, आणि मला ते ओळखता आलं नाही. अजूनही येत नाही.

भाऊ वर गॅलरीत आला होता. त्यानं विचारलं, अक्का, उघडलंस?

मी नाही म्हटलं.